गोणपाट

"बाजूला व्हा अध्यक्ष, नाहीतर ही पक्कड पेटीवर न बसता तुमच्या डोक्यावर बसेल!"

गवंडी असं म्हणाला आणि मी हातातली बादली तिथेच ठेवून विहिरीकडे पळाले. गवंडी म्हणजे आमच्या शेजारच्या पट्टीचा मालक. भिंती बांधतो म्हणून गवंडी. जीव मात्र सगळा त्याच्या टोमॅटोत. समोर आमचे भाऊजी, माझे धाकटे दीर, मोटरच्या पेटीला पाठ लावून दोन्ही हात पसरून उभे. गटाचे अध्यक्ष झाल्यापासून त्यांना कोणी नुसती हाक मारलेली चालत नाही.

"सील तोडलं तर मोटर जाईल," भाऊजी म्हणाले. "कागदावर अंगठे दिलेत आपण सगळ्यांनी. मोटर जाईल, ठिबकच्या नळ्या जातील, विहिरीवर नुसतं पोहायला येऊ आपण."

"आणि आता काय करतोय? पाणी वाकून बघतोय! फुलं गळायला लागली माझी!"

"फोन म्हणतोय जमीन ओली आहे."

"मग त्या फोनलाच लाव की टोमॅटो!"

मी मध्ये पडले नसते तर त्या दिवशी रक्त निघालं असतं. पण खरं सांगते, मनातून मला वाटत होतं की गवंड्याने घालावा एक घाव. विहिरीत हात बुडवावा इतकं वर पाणी होतं हो. उन्हात डोळे दिपवत होतं मेलं ते पाणी, आणि बांधापलीकडे आमची झाडं माना टाकून उभी.

आता हे सगळं झालं कसं ते सांगते. लांबच्या कुठल्या तरी मोठ्या संस्थेने लहान शेतकऱ्यांसाठी पैसे दिले. पट्टी दोन पट्टी जमीन असलेल्यांनी यंत्रावर शेती करावी, फोनवर पाणी द्यावं, म्हणजे त्यांचं भलं होईल म्हणे. आम्हाला काय, भलं कोणाला नको असतं? ऑफिसातून एक पोरगेला साहेब आला. रात्रीसुद्धा गॉगल कपाळावर चढवून हिंडायचा, म्हणून त्याचं नाव गॉगलवाला पडलं. त्याने नवी मोटर बसवली, नळ्या पसरल्या आणि एक खुंटी आणली. वर पांढरी डबी, खाली लोखंडी टोक. ही खुंटी जमिनीची ओल बघणार, जमीन सुकली की मोटरला सांगणार आणि मोटर आपोआप चालू होणार, भिजली की बंद. माणसाने हात लावायचा नाही, म्हणून पेटीला सील ठोकलं आणि तोडलं तर मोटर परत नेणार अशा कागदावर आमचे अंगठे घेतले. पैसे एकाच खुंटीपुरते पुरले, म्हणून आमच्या सगळ्यांच्या पट्ट्यांना मिळून ती एकच. घराजवळ पडते म्हणून ती भाऊजींच्या पट्टीत रोवली.

जुनी मोटर होती तेव्हा आम्ही पाळी लावून पाणी घ्यायचो. भांडणं व्हायची, नाही असं नाही. पण मोटर आमचं ऐकायची.

मला या टोमॅटोचं एवढं का, तेही सांगते. आमचे हे दुसऱ्याचा ट्रक चालवतात. महिना महिना तोंड दिसत नाही. यंदा जाताना म्हणाले, "पीक साधलं तर ट्रक सोडतो बघ. घरी येतो कायमचा. मालकाला तसं बोलून ठेवलंय." तेव्हापासून मी रोज त्या झाडांशी बोलत होते. फोन आला की ह्यांचा पहिला प्रश्न, "फूल धरलं का?" आणि मी सांगायचे, "पिवळं धमक झालंय शेत."

गवंड्याला शांत करून भाऊजींनी गॉगलवाल्याला फोन लावला. सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्या आवाजावर ठेवला.

"साहेब, झाडं सुकतायत."

"नाही सुकत. माझ्यासमोर आलेख आहे. तुमची जमीन ओली आहे, चांगली ओली."

मी पुढे झाले. "अहो दादा, मी इथे उभी आहे. पायाखाली भेगा पडल्यात."

"ताई, वरून तसं दिसतं. आपल्याला वर दिसतं, यंत्राला मुळाशी दिसतं. उन्हाने पानं थोडी मलूल होतातच. विश्वास ठेवा. आणि कृपा करून पेटीला हात लावू नका, मला वर उत्तर द्यावं लागतं."

"एकदा येऊन तरी बघा."

"पाहुणे येणार आहेत ना, पैसे देणारे. त्यांच्याबरोबर येतोच."

फोन ठेवला. झालं. आम्ही बादल्या उचलल्या. बादलीने कितीसं पाणी घालणार? एक ओळ भिजवून दुसऱ्या ओळीला पोचेपर्यंत पहिली पुन्हा कोरडी ठाक. हाताला फोड आले, कंबरेचा काटा ढिला झाला आणि फुलं टपाटप गळतच राहिली.

दुपारी मी सावलीला म्हणून भाऊजींच्या पट्टीकडून निघाले, तर तिकडे माझी धाकटी जाऊ पाठमोरी बसलेली. समोर ती खुंटी. आणि खुंटीला, डोळ्यांवर विश्वास बसेना माझा, खालपासून वरपर्यंत गोणपाट गुंडाळलेलं. बाई कळशीने त्यावर हळूहळू पाणी सोडत होती. खाली नुसता चिखल.

"हे काय चाललंय गं?"

ती हसली. "ताई, बघा ना ऊन कसलं आहे. डबी हाताला चटका देत होती. लोखंड किती तापत असेल आत. म्हणून रोज दुपारी भिजवते."

"रोज?"

"तापायला लागलं तेव्हापासून. साहेब म्हणाले होते ना मला, वहिनी, घरातल्या लेकरासारखी सांभाळा हिला. कलम लावलं की नाही का आपण गोणपाट भिजवून ठेवत?"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. तिचा हात धरून ओढलाच मी. "अगं भवाने, ही खुंटी ओल बघते ओल! तू तिच्या पायाशी तळं केलंयस, आणि ती सगळ्या शिवाराला ओलं म्हणून सांगत बसलीय!"

आधी तिला कळलंच नाही. मग कळलं. तिने एकदा त्या चिखलाकडे बघितलं, एकदा माझ्या पट्टीकडे. कळशी तिने घाईने बाजूला सारली.

"ताई, यांना सांगू नका," एवढंच म्हणाली.

मला खूप काही बोलायचं होतं. पण ही जाऊ घरात आल्यापासून मी बघतेय. हिच्या हातून भाकरी करपली तरी भाऊजी चारचौघांत सांगणार, दूध नासलं तरी हिचंच नाव. कोणी हिच्या हातात काही जोखमीचं दिलं असं कधी झालं नाही. त्या गॉगलवाल्याने दिलं, आणि हिने जीव लावला. कसं ओरडायचं अशा माणसावर? आम्ही दोघींनी मिळून गोणपाट सोडलं, चिखल हाताने ओरबाडून बाजूला केला.

"उपटून दुसरीकडे रोवू या का?" ती म्हणाली.

"नको गं बाई. हलवली की ऑफिसात लाल दिवा लागतो म्हणे. मग मोटर गेलीच समज. सुकेल आता, संध्याकाळपर्यंत सुकेल."

कुठली सुकतेय! इतके दिवस मुरलेलं पाणी, वरून पापुद्रा धरला पण बोट घातलं की आत गारच. जाऊ दिवसातून दहा वेळा जाऊन त्या मातीला फुंकर घालायची. खरंच सांगते, वाकून फुंकर घालायची, पदराने वारा घालायची. आणि आमची झाडं खालून वर करपत चालली होती. गवंड्याने भांडणंच सोडून दिली, ते मला जास्त वाईट वाटलं. बांधावर बसून नुसता बघायचा.

त्यातच पाहुणे आले. दोन गाड्या भरून. गॉगलवाल्याने आल्या आल्या एका पाटीएवढ्या मोठ्या फोनवर आलेख उघडला. "बघा सर, या गटाने सगळ्यात जास्त पाणी वाचवलं. एवढ्या उन्हाळ्यात मोटर जवळजवळ चालूच नाही!"

पाहुण्यांतल्या एका बाईंनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. त्यांची पाठ शेताकडे होती. एका म्हाताऱ्या साहेबांनी तेवढं वळून बघितलं आणि विचारलं, "झाडं जरा पिवळी दिसतात?"

"काढणीला आलीत सर," गॉगलवाला म्हणाला. बिचाऱ्याला टोमॅटोचं ओ की ठो माहीत नव्हतं, खोटं बोलत होता असंही नाही.

"आणि यंत्र कोण सांभाळतं?" बाईंनी विचारलं.

भाऊजींनी पहिल्यांदाच बायकोला पुढे ढकललं. "आमची मंडळी. डोळ्यात तेल घालून सांभाळते."

जाऊचे डोळे भरून आले. बाईंनी तिला जवळ घेतलं, खुंटीशेजारी उभं करून फोटो काढले. "किती भावुक झाल्यात!" म्हणाल्या. मग तिने माझ्याकडे बघितलं. मला सगळं बोलून टाकायचं होतं. तोंड उघडलंही मी. पण तेवढ्यात म्हातारे साहेब म्हणाले की इथलं काम बघून पुढचे पैसे मंजूर करतोय, आता प्रत्येक पट्टीत एक खुंटी देऊ. भाऊजींचा चेहरा असा उजळला! आणि सांगून काय झालं असतं? हिची धिंड निघाली असती, मोटर गेली असती, माझं एक फूल काही परत झाडाला चिकटलं नसतं. मी तोंड मिटलं.

गाड्यांची धूळ खाली बसते न बसते तोच विहिरीवर आवाज झाला. घर्रर्र.

मोटर चालू झाली होती. खुंटीखालची माती शेवटी सुकली होती, आणि आपोआप, अगदी सांगितल्याप्रमाणे. नळ्या फुगल्या, थेंब सुटले, काड्या झालेल्या झाडांच्या बुडाशी पाणी साचायला लागलं. गवंडी उठला आणि नाचल्यासारखे हात करत ओरडला, "आली! आली! घ्या, प्या आता पोटभर!" मग तोंडावर पंचा धरून खाली बसला. भाऊजी पेटीभोवती फिरत होते. बंद करायचं तरी कुठून? बंद करायचं बटणसुद्धा सीलच्या आतच.

आणि नेमका तेव्हा माझा फोन वाजला. ह्यांचा.

"काय गं, कसला आवाज हा? मोटर चालू आहे वाटतं!"

"हो," मी म्हणाले.

"वा! आता कशी छान ऐकू येतेय. मागे दोनदा फोन केला तर सगळं चिडीचूप, मला काळजीच लागली होती. फूल धरून आहे ना?"

समोर जाऊ घरातून कळशी घेऊन येत होती, आता लपतछपत नाही, सगळ्यांच्या देखत. ती खुंटीपाशी गेली आणि अख्खी कळशी तिच्या बुडाशी उपडी केली. थोड्या वेळाने मोटर कण्हली आणि थांबली.

गवंड्याने पंचा खाली घेतला. त्याने रिकाम्या कळशीकडे बघितलं, खुंटीकडे बघितलं, मग बराच वेळ जाऊकडे. भाऊजींच्या हातातला फोन टुणकन वाजला. जमीन ओली आहे म्हणून निरोप आला असणार.

"बंद झाली का गं?" ह्यांनी कानात विचारलं.

"हो."

"भिजलं असेल पुरेसं. बरं झालं बाई, माणसाला बघायलाच नको." मग आवाज बारीक करून, लग्नाच्या नवीन दिवसांत बोलायचे तसं, ते म्हणाले, "मालक इथेच आहे समोर. सांगून टाकू का मग आज? येतो म्हणून?"