वाकड्या तोंडांचा आरसा

मी एक जुना आरसा आहे, मित्रांनो. खरं सांगायचं तर दमलेला आरसा आहे. माझ्या कोपऱ्यातला पारा उडालाय, चौकटीवर रंगाचे डाग पडलेत आणि तीस वर्षं एकच तोंड पाहून मी विटलोय.

आधी मी न्हाव्याच्या दुकानात होतो. तिथे तोंडं निदान बदलत तरी होती! दुकान बंद झालं, तेव्हा एका चित्रकाराने मला घरी आणून खिडकीसमोर टांगलं. दर वाढदिवसाला तो माझ्यात बघून स्वतःचं चित्र काढी. त्यांतलं एकही धड नाही. कधी गाल फुगवलेले, कधी डोळे तिरळे. टक्कल पडलं त्या वर्षी तर त्याने टकलावर चकाकणारी खिडकी काढली, गजांसकट.

आरशात उजवा हात डावा दिसतो, म्हणून प्रत्येक चित्रात ब्रश डाव्या हातात. पाहुणे विचारत, "तुम्ही डावखुरे का हो?"

"मी नाही, माझा आरसा डावखुरा आहे," तो म्हणे. माझं कौतुक काय ते एवढंच.

मग त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. ते त्याला दिसू नये म्हणून बायकोने माझ्यावर चादर टाकली. खोटं कशाला बोलू, आधी मला बरंच वाटलं. पण सहा महिने खोलीत कुणी हसलं नाही, तेव्हा माझा धीर सुटला. हा माणूस आता पुन्हा हसणारच नाही का?

वाढदिवसाच्या सकाळी त्याचा अडखळता आवाज आला, "चादर काढ."

"अहो, कशाला उगीच जिवाला त्रास?"

"अगं, तीस वर्षं तोंड वाकडं करायला मेहनत घेतली. आता आयतं मिळालंय, ते वाया घालवू?"

रडता रडता तिला हसू फुटलं. तिने चादर ओढली. त्याने डाव्या हातात ब्रश धरला. रेषा थरथरत होत्या, चित्राला तीन आठवडे लागले. तोंड होतं तसंच वाकडं आलं. चित्रातला ब्रश मात्र पहिल्यांदाच उजव्या हातात आला. त्या रंगवलेल्या उजव्या हाताकडे ती कितीतरी वेळ बघत राहिली.

मित्रांनो, मी थकलोय. मला फडक्याने पुसलंत तर बरं, नाही पुसलंत तरी चालेल. पण कुणाची दया येऊन आरसा झाकायला निघालात, तर आधी त्या माणसाला विचारा. तो कदाचित हसायच्या तयारीत असेल.