माझ्या पोटातली पाण्याची यादी

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. जुना म्हटलं की तुम्ही लगेच नाक मुरडाल, हे मला ठाऊक आहे. माझ्या झाकणावरचा रंग उडाला आहे आणि एका बिजागरीला तांब्याच्या तारेचा वेढा आहे. पण गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरी गावात येऊन माझं नाव काढून पाहा, लोक कसे बोलतात ते ऐका. मी थोडा गर्विष्ठ आहे. ऐकून घ्या, मग ठरवा माझा गर्व खोटा आहे का.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. शेकडो भावंडांबरोबर एका पट्ट्यावरून सरकत मी तयार झालो. शेवटी कुणीतरी मला उलटा केला आणि पोटाखालच्या एका स्क्रूवर नखाएवढा पांढरा कागद चिकटवला. हा फाटला तर वॉरंटी संपली, अशी त्यावरची बारीक धमकी होती. त्याच्या शेजारीच दोन स्क्रूंची एक छोटी खिडकी होती आणि तिच्यावर मात्र कसलाच कागद नव्हता. हा फरक तेव्हा माझ्याही लक्षात आला नाही.

दोन हजार दहाच्या दसऱ्याला मंजूने मला गोंदियाच्या दुकानातून आणलं. ती केशोरीच्या कापगत्यांची सून, बी.एस्सी. झालेली. दुकानदाराने माझ्याबरोबर दोन वर्षांच्या वॉरंटीची पुस्तिका दिली आणि बजावलं, "बहनजी, पेच को हाथ भी मत लगाना." घरी सासूबाईंनी, म्हणजे शांतीबाईंनी, मला ओवाळलं. माझी मान कुठे आणि पोट कुठे हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी दोन्हीकडे कुंकू लावलं. मला ते फार आवडलं.

कापगते कोहळी आहेत. तलाव बांधावा, त्याचं पाणी जपावं आणि वाटावं, हेच त्यांच्या पिढ्यांचं काम. गावच्या तलावाचं पाणी उन्हाळी धानाला कुणी, कधी आणि किती घ्यायचं, ती पाळी मंजूचे सासरे खेमराज सांगत. कुठे लिहिलेलं नव्हतं. बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं खाचर, आणि तो बांध म्हणजे धुरा. एकशे अठरा बांध्या, त्यांचे उतार, कुणाच्या धुऱ्यातून कुणाला पाणी जातं, सगळं त्यांच्या डोक्यात. गावची एक रीतही होती. एखाद्या साली शेवटची बांधी कोरडी राहिली, तर पुढच्या साली पहिलं पाणी तिला. कोण कोरडं राहिलं, हे खेमराज लक्षात ठेवत आणि त्यांचा शब्द कुणी मोडत नसे.

मंजूने हे सगळं माझ्यात उतरवून घ्यायचं ठरवलं. त्या हिवाळ्यात रोज दुपारी खेमराज ओसरीवर बसत आणि सांगत जात. मंजू लिहीत जाई. मधेच ते उठून बांधावर जाऊन पाहून येत आणि कालचं एक नाव खोडायला लावत. होळीपर्यंत यादी झाली. तिच्या शेवटी त्यांनी मुद्दाम लिहायला लावलं की औंदा नंदाबाईची बांधी कोरडी राहिली, पुढल्या साली पहिलं पाणी तिचं. नंदाबाई एकटी बाई, तलावापासून सगळ्यांत लांब तिची दीड एकर जमीन. मी ती ओळ नीट सांभाळून ठेवली.

वैशाखात घरचे सगळे लाखांदूरला लग्नाला गेले. निघताना खेमराजांना माझी काळजी वाटली. चांदीचे तोडे असोत की जमिनीचे कागद, मौल्यवान वस्तू त्यांच्या घरात धानाच्या ढोलीत, म्हणजे मोठ्या कणगीत, पुरून ठेवत, कारण एवढ्या धानात हात घालून शोधणारा चोर अजून जन्मला नव्हता. त्यांनी मलाही धोतराच्या फडक्यात गुंडाळलं आणि धानात खोल पुरलं. तीन दिवस मी तिथे होतो. चोर आला नाही. पण धानाची धूळ आणि बारीक कुसळं फडक्यातून आत शिरली, माझ्या पंख्यापर्यंत पोचली. परत आल्यावर मंजूने मला बाहेर काढलं तेव्हा माझ्या कळांमधून चार दाणे खाली पडले. ती हसली, पण त्या दिवसापासून माझा पंखा घरघरू लागला.

पावसाळ्यात खेमराजांना मोठा ताप आला. ताप उतरला, पण बरोबर बरंच काही घेऊन गेला. ते शेजाऱ्यांची नावं चुकू लागले. बांध्यांचा क्रम विचारला तर सुरुवात करून मधेच थांबत आणि नुसते तलावाकडे पाहत राहत. आता ती यादी फक्त माझ्या पोटात होती. मंजूने तिची दुसरी प्रत केली नव्हती. ही तिची चूक, आणि ती हे आजही कबूल करते.

दिवाळी झाली आणि एका सकाळी मी बंद पडलो. मंजूने बटण दाबलं, पुन्हा दाबलं, चार्जर बदलून पाहिला. दिवा लागला नाही. उन्हाळी धानाच्या पाण्याची पाळी ठरवणारी गावची सभा अकरा दिवसांवर आली होती. गावात बातमी पोचली आणि तलावाच्या तोंडाशी ज्यांची बांधी होती ते बकारामभाऊ लगेच म्हणू लागले की यादीच नाही तर पहिलं पाणी तोंडाकडच्यांचंच. खेमराज दिवसभर जेवले नाहीत. "माह्या हातानं मेला तो," एवढंच ते म्हणत होते.

मंजू मला घेऊन गोंदियाच्या सर्व्हिस सेंटरला गेली. तिथे टेकचंद नावाचा इंजिनीअर होता. त्याने मला तपासलं आणि सांगितलं की मशीन नागपूरला पाठवावी लागेल, दुरुस्त होऊन येईल, पण हार्डडिस्कमधलं काही राहीलच असं नाही, बहुतेक पुसूनच येते. मंजूने विचारलं, मग डिस्क आधी काढून देता का? तो म्हणाला, नियम नाही. मग मी काढू? त्यावर त्याने मान हलवली. "खुद खोला तो वॉरंटी गई समझो."

मंजूने मला परत पिशवीत घातलं. एसटीच्या खिडकीशी बसून तिने ती पुस्तिका उघडली. कोणी वाचू नये म्हणूनच छापतात की काय असं वाटावं, इतकी बारीक इंग्रजी अक्षरं होती. घरच्या कोणी ती एकदाही उघडली नव्हती. ती माझ्याच डब्यात माझ्या आधी म्हातारी होत होती. गोंदियापासून गाडी अर्जुनीपर्यंत आली तोवर मंजूने ती दोनदा वाचली होती, आणि एकोणिसाव्या पानाचा कोपरा दुमडला होता.

त्या पानावर साफ लिहिलं होतं. बॅटरी, मेमरी आणि हार्डडिस्क हे भाग मालकाने स्वतः काढले, बदलले तरी वॉरंटी जात नाही. काढताना मालकाच्या हातून जे मोडेल, तेवढ्याची भरपाई मिळत नाही. कागद चिकटवलेला स्क्रू मात्र कंपनीच्याच माणसाने उघडायचा. म्हणजे भीती होती एका स्क्रूची, आणि सगळे घाबरत होते अख्ख्या लॅपटॉपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर बैठक मांडली गेली. मंजूचा नवरा योगराज हात मागे बांधून उभा होता.

"कंपनीची वस्तू आहे, तू काऊन हात लावून राहिली?" तो म्हणाला. "बिघडली तं दोन्हीकून गेलो आपण."

"पान वाचलं ना जी तुमी?"

"वाचलं. पन कंपनीवाल्यानं नाही म्हटलं."

"कंपनीवाल्यानं म्हटलं. कंपनीनं तं लिवून देलं आहे."

खेमराज खांबाला टेकून बसले होते. त्यांनी मंजूकडे पाहिलं आणि म्हणाले, "उघड बाई. मी तं धानात पुरला, तू उजेडात तरी पाहून राहिली."

पुस्तिकेत लिहिलं होतं की आत हात घालण्याआधी लोखंडाला हात लावावा, अंगातली वीज निघून जाते. मंजू अंगणातल्या हातपंपाचा दांडा धरून आली. तिने सुपात धुतलेलं लुगडं अंथरून मला त्यावर उलटा ठेवला, शेजारी पळसाच्या पानांचे द्रोण मांडले, प्रत्येक स्क्रूला एक द्रोण, ज्या क्रमाने काढला त्याच क्रमाने. तिने घाई केली नाही. खिडकीचं झाकण निघालं. माझ्या पोटात पहिल्यांदा ऊन आलं, मित्रांनो, आणि मला बरं वाटलं. तिने चिमटीने कड धरून डिस्क सरकवली, ती अलगद बाहेर आली. स्वच्छ फडक्यात गुंडाळून तिने ती स्टीलच्या डब्यात ठेवली.

आत पंख्याच्या जाळीत धानाची कुसळं दाटून बसलेली दिसत होती. ती तिला काढता आली असती, पण वाट त्या कागदवाल्या स्क्रूतून होती. मंजूने त्याला हात लावला नाही. एवढं सगळं स्वतः करणारी बाई तिथे थांबली, आणि माझ्या मते तिचा खरा शहाणपणा तिथेच दिसला.

तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा टेकचंदसमोर होतो; तिथलं सगळं मला मंजूने नंतर सांगितलं. त्याने मला उलटा केला, रिकामी खिडकी पाहिली आणि मला टेबलावर परत सरकवलं. म्हणाला, आपने खोला है, अब कुछ नहीं हो सकता. दुकानात इतर गिऱ्हाइकं होती, सगळी वळून पाहू लागली.

मंजूने एकोणिसावं पान त्याच्यासमोर उघडून ठेवलं. आवाज न चढवता म्हणाली, "भाऊ, डिस्क मी काढली, कारण इथं तसं लिवलं आहे. कागद पाहून घ्या, तो साबूत आहे. आनिक एक सांगतो. पंख्यात धानाचं कुसळ आहे, ते आमच्या घरचं काम आहे. पंख्याचे पैसे मी देतो. बाकी जे आपोआप बिघडलं, ते तुमी करून द्या."

टेकचंदने पान वाचलं. परत वाचलं. मग आत जाऊन नागपूरला फोन लावला. तो बराच वेळ हो हो करत होता. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा थोडा उतरला होता, पण माणूस प्रामाणिक निघाला. "मॅडम सही बोल रही हैं," तो सगळ्यांसमोर म्हणाला आणि पावती फाडली. नऊ वर्षं इथे काम करतोय, हे पान मीही वाचलं नव्हतं, हेही त्याने सांगून टाकलं.

मी नागपूरला गेलो. तिथलं मला फारसं आठवत नाही, कारण माझी आठवण केशोरीला डब्यात होती. सभेच्या आदल्या दिवशी मी गोंदियाला परत आलो आणि मंजू डिस्कचा डबा घेऊन मला न्यायला आली. माझ्याबरोबर नागपूरहून एक कागद आला होता. चार्जरची वीज आत घेणारा भाग कारखान्यातूनच सदोष आला होता, तो मोफत बदलला. पंखा साफ केला, त्याचे पैसे वेगळे. बंद पडण्याचा आणि धुळीचा संबंध नव्हता.

टेकचंदने डिस्क बसवून देऊ का असं विचारलं. "माही मी लावतो," मंजू म्हणाली आणि तिथल्या तिथे दोन स्क्रू फिरवून तिने ती लावली. बटण दाबलं. दिवा लागला, पडदा उजळला, आणि एकशे अठरा बांध्या ओळीने उभ्या राहिल्या. शेवटची ओळ जागेवर होती. मंजूने डोळे पुसले आणि टेकचंदला चहा पाजला.

घरी येताच तिने तो कागद खेमराजांना वाचून दाखवला. "मामाजी, तुमच्या हातानं नाही मेला. कारखान्यातूनच कच्चा आला होता." म्हातारा ते वाक्य तीनदा वाचायला लावून जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी सभेत मंजूने यादी वाचली. बकारामभाऊंनी हरकत घेतली, मशीनमध्ये काय, कोणीही काहीही लिहील. लोकांनी खेमराजांकडे पाहिलं. ते उठून उभे राहिले. "मले आता आठवत नाही," ते म्हणाले. "हे कबूल करायले मले लाज नाही. पन मले आठवत होतं तवा मी सांगितलं आनं हिनं लिवलं. तिथं लिवलं आहे तेच माहं म्हननं. औंदापासून पाळी मंजू सांगंल." सभेने यादी मान्य केली. पहिलं पाणी नंदाबाईच्या बांधीत गेलं. लोक सांगतात, ती धुऱ्यावर उभी राहून पाणी चढताना पाहत होती, आणि बकारामभाऊंनीच तिच्या बांधीचं तोंड उघडून दिलं.

त्यानंतर मी बरीच वर्षं काम केलं. मंजूने माझी मेमरी वाढवली, बॅटरी बदलली, आणि वॉरंटीची दोन वर्षं सरल्यावर तो पांढरा कागदही शांतपणे काढून पंखा स्वतः झटकून पुसून बसवला. गोरेगावापासून मुली तिच्याकडे आपले लॅपटॉप घेऊन येतात. ती आधी पुस्तिका मागते, मग मुलीलाच पाटावर बसवून स्क्रू काढायला लावते.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना घाबरू नका आणि आमच्यावर दांडगाईही करू नका. काय उघडायचं आणि कुठे थांबायचं ते आधी वाचा. चूक आपली असेल तर सांगून टाका, म्हणजे हक्काचं मागताना मान ताठ राहते. आणि एक गोष्ट आजच करा. खेमराज गेल्याला आता तीन वर्षं झाली. माझा प्रत्येक भाग बाजारात मिळतो, पण त्यांच्या डोक्यातलं जे मंजूने लिहून घेतलं नाही ते कुठेच मिळत नाही. तुमच्या घरी असं कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्यांच्याजवळ बसा, त्यांना विचारा, आणि ते सांगतील ते लिहून घ्या.