चौथ्या खांबावरचा दिवा

रस्त्यावरच्या दिव्यांचे ड्रायव्हर बनवणाऱ्या त्या कारखान्यात मालकीण असलेल्या बाईंचा शब्द खाली पडत नसे. ड्रायव्हर म्हणजे खांबावरच्या एलईडीला मोजूनमापून वीज पुरवणारी पेटी. ती नीट जमली तर वीज उजेडात जाते, फसली तर पेटी तापवण्यात. ट्यूबलाइटच्या चोकपासून बाईंची सगळी हयात याच कामात गेली होती. पण या खेपेला मीटर त्यांचेही ऐकेना. सोमवारी नमुना तपासणीला द्यायचा होता, अट त्र्याण्णव टक्के कार्यक्षमतेची होती आणि काटा नव्वदच्या पुढे हलायला तयार नव्हता.

"जुन्या डायोडच्या जागी मॉसफेटचे स्विच घातले, तरी तापतंयच," मिस्त्री पेटीवरून हात झटकत म्हणाले. "दोन स्विच एकमेकांच्या पायात पाय घालतायत. पहिला पुरता बंद व्हायच्या आत दुसरा चालू होतो. मध्ये किती थांबायचं, ते आपल्याला सापडत नाही."

"कुणाला सापडलं होतं, ते सांगू नका. मला ठाऊक आहे."

"सांगत नाही. पण बाई, चौथा उतरवू का?"

कारखान्यासमोर चार खांब होते. तीन खांबांवर बाईंचे ड्रायव्हर होते आणि चौथ्यावर त्यांच्या धाकट्या मुलीने बनवलेला. तो चौऱ्याण्णव टक्के देत असे. आत पाणी जाऊ नये म्हणून पेटी राळ ओतून बंद केलेली होती. आतली जोडणी पाहायची तर राळ फोडावी लागणार, आणि एकदा फोडल्यावर तो दिवा पुन्हा लागणार नव्हता. आकडेमोडीची वही धाकटी बरोबर घेऊन गेली होती. तीही बाईंच्याच हुकुमावरून.

दोन वर्षांपूर्वी धाकटी म्हणाली होती, "आई, तुझा डायोड बसल्या जागी तीन वॅट खातो."

"त्याच डायोडवर तू शिकलीस. तुझी वही उचल आणि जिथे मॉसफेटची पूजा होते तिथे जा."

ती खरोखरच गेली. आठ तासांच्या अंतरावरच्या शहरात नोकरीला लागली. बाईंनी फोन केला नाही, आणि धाकटीही अखेर त्यांचीच मुलगी होती.

तेव्हापासून दिवेलागणीला बाई खिडकीशी उभ्या राहत. तीन दिवे एकदम लागत आणि चौथा एका श्वासाने मागून. वीज एकदम अंगावर येऊ नये, सावकाश चढावी, अशी धाकटीने त्यात सोय केली होती. "बनवणारीवर गेलाय," बाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "पहिल्या हाकेला उठेल तर शपथ!" आता तेवढा एक श्वास त्या रोज धरून ठेवत, आणि उजेड पडला की सोडत. हे घरात कोणालाही माहीत नव्हते. मिस्त्री मात्र घरातले नव्हते.

संध्याकाळी मिस्त्रींनी शिडी आणून चौथ्या खांबाला टेकवली.

"अगदी हलक्या हाताने फोडतो, बाई."

"हलक्या हाताने फोडलं म्हणून ते फुटायचं राहतं का, मिस्त्री?"

"मग फोन करा. दोन वर्षं माझ्याकडून तिची खुशाली आडून आडून काढताय. तेवढ्या श्रमात दुसरा कारखाना उभा राहिला असता."

"जीभ फार चालते तुमची."

"कार्यक्षमता चांगली आहे," मिस्त्री म्हणाले आणि शिडीच्या खालच्या पायरीवर बैठक मारून बसले.

खिडकीत उभ्या असलेल्या बाईंनी पदर सारखा केला, जणू समोर कोणी बघणारे होते, आणि फोन लावला.

"आई?" पहिल्याच घंटेला आवाज आला. "काय झालं? बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय! कामाचं बोलायचंय."

"बोल."

"दोन स्विचच्या मध्ये तू थांबा किती ठेवला होतास?"

पलीकडे हसू दाबल्यासारखा आवाज झाला. "म्हणजे डायोड काढलास?"

"विचारलं तेवढं सांग."

"तोंडपाठ कसं असेल, आई? चुकीचा आकडा सांगितला तर स्विच जळतील. वहीत आहे सगळं."

तेवढ्यात बाहेर तीन दिवे लागले. बाईंनी श्वास धरला.

"हॅलो? आई, रागावलीस?"

"थांब जरा."

चौथा लागला.

"लागला," बाई म्हणाल्या. काय लागला, ते धाकटीने विचारले नाही.

"अजून उशिराच लागतो?" तिने हळूच विचारले.

"रोज."

"वहीच्या पानांचे फोटो आत्ता पाठवते. पाच मिनिटांत मिळतील."

अडलेले काम तेवढ्याने सुटणार होते. बाईंनी खिडकीची कड घट्ट धरली.

"फोटो नकोत," त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांना तुझं अक्षर लागत नाही. वही हातात आणून दे. समोर बसून वाचून दाखव."

"आई, उद्या सकाळी निघाले तरी पोचायला संध्याकाळ होईल."

"होऊ दे. मी खिडकीत असते."

फोन ठेवून त्यांनी बाहेर डोकावले. मिस्त्री जागचे हलले नव्हते.

"शिडी कशाला अडवून बसलात? काढा ती. आणि तिच्या टेबलावर खोक्यांचा डोंगर रचलाय, तो उद्या दुपारच्या आत हलायला हवा."

"खोकी तुम्हीच ठेवायला सांगितली होती, बाई."

"मग आता मीच उचलायला सांगतेय."