सबीन नदीच्या पलीकडे

शनिवारी सकाळी चर्चच्या हॉलमध्ये अकरा बायका जमल्या होत्या आणि कागदावरच्या एका ओळीने त्यांचं डोकं फिरलं होतं. सिनेटचा उमेदवार क्लेटन रस्क याला त्यांनी प्रश्न पाठवले होते. बंदुका, शाळा, कर, सगळी उत्तरं मनासारखी आली. फक्त लग्नाच्या प्रश्नापुढे त्याने लिहिलं होतं की लग्नाचा कायदा ज्या त्या राज्याने ठरवावा.

"देवाचा कायदा सबीन नदीपाशी संपतो का?" ग्लेनिसने विचारलं. ग्लेनिस या महिला मंडळाची अध्यक्ष आणि नेल्डाची विहीण.

नदीच्या अलीकडे लुइझियाना, पलीकडे टेक्सस. बोलावं लागू नये म्हणून नेल्डाने चिकनचं सँडविच तोंडात कोंबलं. काय बायका आहेत या! गेल्या वर्षी शाळांवरून याच घसा फोडून सांगत होत्या की वॉशिंग्टनने आमच्या राज्यात नाक खुपसू नये. आता त्यांनाच साऱ्या देशासाठी वॉशिंग्टनचा एक कायदा हवा होता, आणि तोही पक्क्या लग्नाचा.

लुइझियानात लग्न दोन तऱ्हांनी करता येतं, साधं आणि पक्कं. पक्क्यावर सही केली की सहजी सुटका नाही. मारहाण नाहीतर व्यभिचार सिद्ध करा, ते नसेल तर दोन वर्षं वेगळे राहा आणि समुपदेशकापुढे बसा. हॉलच्या भिंतीवर अशा पक्क्या जोडप्यांचे फोटो होते. पहिलाच शेल्बी आणि ट्रेंटचा. शेल्बी नेल्डाची लेक, ट्रेंट ग्लेनिसचा मुलगा. पोरीला साधं लग्न चाललं असतं. नेल्डाच हटून बसली होती की पक्कं नसेल तर मी लग्नाला येणार नाही. त्या हट्टाबद्दल तिला आता स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटायचं.

ट्रेंट हात उगारत नव्हता, तेच तर दुखणं होतं. तो बोलायचाच नाही, आठवडेच्या आठवडे. शेल्बी सुकत चालली. पण कोर्टात दाखवणार काय? चार महिन्यांपूर्वी नेल्डानेच तिला गाडीत घालून टेक्ससला पोचवलं; तिथे पक्क्या लग्नाचा कायदाच नाही. सहा महिने तिथे राहिली की तिथल्या कोर्टात साधा घटस्फोट मागता येईल, असं वकील म्हणाला होता. इथे सगळ्यांना सांगितलं की दाताच्या दवाखान्यात नोकरी लागली. ट्रेंटला सुगावा लागला तर तो आधी इथल्या कोर्टात धाव घेईल, आणि मग बसा दोन वर्षं.

मंडळाची रीत अशी की निर्णय एकमताने व्हायचा आणि मग सगळ्यांच्या नावांचं पत्रक घरोघर जायचं. ज्यांना रस्क नको असेल त्यांनी उभं राहा, असं म्हणून ग्लेनिस स्वतः उभी राहिली. पाठोपाठ नऊ जणी उठल्या. नेल्डा बसूनच राहिली. गुडघा दुखतोय का, असं कुणीतरी विचारलं.

"गुडघा ठणठणीत आहे," नेल्डा म्हणाली. "आपल्या राज्याचं आपण बघू, हे तुम्हीच मला वीस वर्षं शिकवलंत. मी शिकले. माझं मत रस्कला."

मग जो गलका झाला तो विचारू नका. तुझ्याच लेकीचा फोटो भिंतीवर पहिला आहे, असं एकीने सुनावलं. यावर सांगण्यासारखं नेल्डाकडे पुष्कळ होतं, आणि त्यातला एक शब्द बोलायची सोय नव्हती. ग्लेनिसने फोटोकडे पाहिलं, विहिणीकडे पाहिलं आणि एकमत नाही तेव्हा पत्रक नाही, असं म्हणून सभा संपवली.

मागे बशा धुवायला दोघीच उरल्या. ग्लेनिसने नळ मोठा सोडला.

"किती दिवस राहिले?"

"कसले?"

"वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस. नोकरीला जाताना कोणी आजीची रजई आणि कुत्रा घेऊन जात नाही."

नेल्डाने हातातली बशी पुसून ठेवली. आता लपवून काय होणार होतं?

"छप्पन्न," ती म्हणाली.

"मी ट्रेंटला सांगणार नाही. त्याचा बापही असाच होता. एकदा ईस्टरपासून थँक्सगिव्हिंगपर्यंत, सात महिने, माझ्याशी अवाक्षर बोलला नाही. मला नदीपलीकडे नेऊन सोडणारं कुणी नव्हतं."

नेल्डाला रडू यायला हवं होतं; आला तो संतापच.

"मग मघाशी उभी कशाला राहिलीस, बाई?"

ग्लेनिसने पुढची ओली बशी तिच्या हातात दिली.

"सगळ्याजणी बघत होत्या ना," ती म्हणाली.