पेटल्याची नोंद नाही

शेगडी पेटली. नऊ चाळीसला, पहिल्याच काडीला, निळीशार. पण तेव्हा स्वयंपाकघरात मी एकटाच होतो, त्यामुळे आमच्या घरच्या नियमाप्रमाणे ती पेटलीच नाही.

नियम बाबांचा. ते तीस वर्षं दुकानादुकानांतले वजनकाटे तपासत होते. डोळ्यांनी पाहिलं आणि वहीत चढलं, तेवढंच घडलं. माझा जन्मसुद्धा त्यांनी दाखला हातात आल्यावर मान्य केला, असं दादा सांगतो.

ओट्याला नव्या फरश्या बसवायच्या म्हणून शेगडी दोन दिवस गॅलरीत होती. मला परगावी नोकरी लागलेली, एक तारखेपासून. तिथे एकटं राहायला बाबांची परवानगी हवी होती. बाबा म्हणाले, "शेगडी तू जोड. माझ्यासमोर पेटली तर खुशाल जा. नाही पेटली तर इथूनच ये-जा कर."

ये-जा म्हणजे एका बाजूने साडेतीन तास.

मी नळी बसवली, क्लिप आवळली, सांध्यांना साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा नाही. ओट्याखाली सिलिंडरचा खटका चालू केला, शेगडी पेटवली, विझवली आणि बाबांना बोलवायला गेलो. ते वही, पेन, चष्मा असा सरंजाम घेऊन आले. मी बटण फिरवलं, काडी धरली. काडी जळत जळत बोटापर्यंत आली. शेगडी ढिम्म.

"प्रयत्न पहिला," बाबांनी लिहिलं.

"जेटमध्ये कचरा असेल," दादा दारातून म्हणाला. "नाहीतर तुझ्या डोक्यात."

जेट पिनने साफ केलं. बर्नरची टोपी काढून नीट बसवली. मग ओट्याखाली वाकलो. खटका बंद! पाच मिनिटांपूर्वी मी याच हाताने चालू केलेला. खटके आपण होऊन फिरत नाहीत. घरात कुणीतरी फितूर होतं.

पहिला संशय दादावर. पण मी गेलो की खोली त्याची, म्हणजे तो माझ्या बाजूने होता, आणि हे तर आणखीच संशयास्पद. बाबांनी बंद केला असता तर वहीत नोंद असती. मी हळूच वही चाळली. नव्हती.

मग सापळा लावला. खटका चालू केला, त्यावर पीठ भुरभुरलं, बाहेर जाऊन दहापर्यंत मोजलं आणि बाबांना घेऊन आलो. शेगडी ढिम्म. खटका पुन्हा बंद, वरचं पीठ पुसलेलं.

"प्रयत्न दुसरा. तिसऱ्यानंतर वही बंद."

"सगळ्यांनी हात दाखवा," मी म्हणालो.

दादाचे हात इतके स्वच्छ की मी दोनदा पाहिले. बाबांच्या बोटाला शाई. आईचे हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले. ती सकाळपासून गॅलरीत बसून कणीक मळत होती. पुराव्याचं पीठ आणि कणकेचं पीठ एकाच डब्यातलं.

"आई, खटका तू बंद केलास?"

"हो."

मी अकरा उलटप्रश्न तयार ठेवले होते. सगळे वाया गेले.

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा. चालू ठेवून उठून गेलास. इथे मी आहे मागून बंद करायला. तिकडे कोण येणार आहे?"

"अगं, पण मी नापास होतो ना!"

"मग? मी कुठे नाही म्हणतेय?"

बाबांचं पेन हवेतच थांबलं. आईने हात धुतले.

"सरका बघू. सकाळपासून चहा नाही घरात."

तिने खटका चालू केला, काडी ओढली. भप्प. निळीशार. चहा उकळला, उतरवला, शेगडी बंद केली, वाकून खटका बंद केला.

बाबांनी चष्मा पुसला, लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "प्रयत्न तिसरा. पेटली. नंतर खटका बंद केला. पेटवणारी व्यक्ती: आई. एकटं राहण्यास पात्र."

मी हसलो. बाकी कुणीच हसलं नाही. दादाने माळ्यावरून मोठी बॅग काढली.

"एक तारखेची गाडी किती वाजता आहे रे?" आईने बशीत चहा ओतत विचारलं. "आणि त्या खोलीला खिडकी आहे ना?"

त्याच दुपारी मी पुढील अर्ज सादर केला:

प्रति, कुटुंबप्रमुख. महोदय, मातोश्रींना मंजूर झालेली एकटं राहण्याची परवानगी, नोकरी प्रस्तुत अर्जदाराची असल्याने, अर्जदाराच्या नावे वर्ग करण्यात यावी. ते शक्य नसल्यास नऊ चाळीसच्या ज्योतीची नोंद पूर्वलक्षी प्रभावाने घेण्यात यावी, आणि साक्षीदार म्हणून शेगडीचा जबाब ग्राह्य धरावा, ही नम्र विनंती.