राजाराम विजयकरांची सही

"यावर कुणाचा विश्वास बसणार नाही," असं म्हणत मनमोहन तळपद्यांनी कागदांची चळत समोरच्या पोरीपुढे, ऋग्वेदापुढे ठेवली आणि खुर्ची ओढून असे बसले, की आता चहा आल्याशिवाय उठायचं नाव नाही. "पण एका दुपारी एकसष्ट सह्या. अख्खी दफ्तरी बिल्डिंग."

ऋग्वेदाने विश्वास ठेवला. तिथेच सगळी पंचाईत झाली.

एरवी मनमोहनांच्या बोलण्यावर विश्वास ठेवणारं माणूस गिरगावात उरलं नव्हतं आणि त्याबद्दल त्यांची तक्रारही नव्हती. ऑपेरा हाऊसच्या नाक्यावर त्यांनी नुसत्या शिट्टीने डबलडेकर मागे वळवली होती. ससून डॉकला घेतलेल्या घोळ माशाच्या पोटात दुसरी घोळ निघाली होती, आणि तिच्या पोटात त्याच कोळणीची दोन वर्षांपूर्वी हरवलेली नथ. लोक ऐकायचे, हसायचे, "पुरे आता, मनूशेठ" म्हणून कामाला लागायचे. थाप ही थाप म्हणूनच घेतली गेली की तिचं कुणाला काही लागत नाही, असं मनमोहन वयाच्या चौऱ्याहत्तरीपर्यंत मानत आले होते. पण सही कुणी थाप म्हणून घेत नाही.

सव्वीस वर्षांची ऋग्वेदा ही दुसऱ्या मजल्यावरच्या दुर्गाबाईंची नात. फोर्टात एका वकिलाकडे ज्युनियर. तिने आणि तिच्यासारख्या पाच-पंचवीस जणांनी मिळून ही सह्यांची मोहीम काढली होती. दादर झालं होतं, डिलाईल रोड झाला होता, आता गिरगाव. मागणी साधी होती. मतदार यादी दरवर्षी गल्लीत उभं राहून मोठ्याने वाचा, म्हणजे मेलेली नावं निघतील आणि जिवंत परत येतील. आणि ज्याचं मत दुसराच कुणी देऊन गेला, त्याला लेखी उत्तर द्या, की हे झालं कसं.

दुसरी मागणी आली तिसऱ्या मजल्यावरून. राजाराम विजयकरांच्या घरातून.

मागच्या निवडणुकीला राजाराम इस्त्रीचा शर्ट घालून, सून लतिकाचा हात धरून मतदानाला गेले होते. आत बसलेल्या माणसाने यादीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "आजोबा, तुमचं मत होऊन गेलंय." राजारामांना वाटलं थट्टा करतोय. त्याने वही फिरवून दाखवली. नावापुढे सही होती, चांगली लफ्फेदार. आता गंमत अशी, की राजारामांचा उजवा हात दोन वर्षांपूर्वीच झटक्याने गेला होता आणि तेव्हापासून ते बँकेतसुद्धा डाव्या हाताचा अंगठा लावत. लतिका तिथे भांडली. पुढच्या रांगेतली माणसं घड्याळाकडे बघायला लागली. राजाराम घरी आले आणि त्यांनी शर्ट काढून परत हँगरला लावला.

राजारामांच्या तक्रारीचा अर्ज सगळ्या कागदांच्या वर लागणार होता. खाली सबंध बिल्डिंगच्या सह्या. मजल्यावार नावं छापलेली, प्रत्येक नावापुढे रिकामी चौकट. सोमवारी शिष्टमंडळ सगळं निवडणूक कचेरीत नेऊन देणार होतं. आणि ऋग्वेदाने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "दफ्तरी बिल्डिंगची काळजी नको. ती मनूआजोबांनी अंगावर घेतलीय."

मनमोहन निघाले होते खरे. तळमजल्यावरच्या चौदा सह्या अगदी रीतसर झाल्या. पहिल्या मजल्यावर कालिंदीताईंनी शिरा पुढे केला. शिऱ्यावरून घोळीची गोष्ट निघाली, नथ निघेपर्यंत चार वाजले आणि कागद पिशवीतून बाहेर आलाच नाही. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात गुडघ्याने जाब विचारला. मनमोहन पायरीवर टेकले. वर अजून कितीतरी दारं. प्रत्येक दारात पहिल्यापासून सांगायचं, चष्मा शोधेपर्यंत थांबायचं, "सही कशाला, मागची सहीसुद्धा वायाच गेली" हे ऐकून घ्यायचं. खिशात तीन पेनं होती. एक निळं, एक काळं, एक गळकं.

आता ही गोष्ट दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. मनमोहन आणि राजाराम फोर्टातल्या एकाच ऑफिसात चौतीस वर्षं कारकून होते. तिथे हजेरीचं मस्टर दहा वाजून दहा मिनिटांनी साहेबाच्या केबिनमध्ये जायचं, त्यानंतर येणाऱ्याला लाल खूण. म्हणून जो आधी पोचेल त्याने दुसऱ्याची सही मारून ठेवायची. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. ती ऑफिसातली माणुसकी होती. मनमोहनांना नऊ जणांच्या सह्या येत होत्या आणि राजारामांची तर झोपेतसुद्धा. आधी 'र'चं पोट, मग खालून ओढलेली रेघ, शेवटी दोन ठिपके.

ते घरी आले, खिडकीशी बसले आणि कामाला लागले.

पहिल्या दोन सह्या करताना हात अडखळला. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली, की विचारलं असतं तर यांनी हो म्हटलंच असतं. ते खरंही होतं. नाही कोण म्हणणार होतं? बिल्डिंगमधल्या तरुण यतीनची सही त्यांनी डाव्या हाताने केली, अक्षर वेगळं दिसावं म्हणून. म्हाताऱ्यांसाठी कागदाखाली टॉवेल घातला, म्हणजे अक्षर थरथरतं. दुर्गाबाईंसाठी गळकं पेन वापरलं. राजारामांची चौकट मात्र कोरी सोडली. त्याच्याकडे आपण वर जायचं, त्याचा अंगठा घ्यायचा, हे पक्कं ठरलेलं होतं. पण हाताला लय लागली होती. तिसऱ्या मजल्याची नावं भरत हात विजयकरांवर आला आणि डोळ्यांनी थांब म्हणायच्या आत पोट काढून, रेघ ओढून, दोन ठिपके देऊन मोकळा झाला.

मनमोहनांनी कागद लांब धरून पाहिला. ठिपके जागच्या जागी पडले होते. इतक्या वर्षांनी. त्यांना बरं वाटलं.

हे बरं वाटणं पुढे त्यांना सगळ्यात जास्त लागलं. अंगठा आठवला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, दाढी करताना, आणि गालावर फेस तसाच वाळला. पण कागद तर त्या आधीच, आदल्या संध्याकाळी, ऋग्वेदाच्या टेबलावर गेले होते, आणि तिने मोजून, डोळे मोठे करून म्हटलं होतं, "आजोबा, तुम्ही म्हणजे कमाल आहात." त्यांच्या डबलडेकरवर हसणारी, पण शेवटपर्यंत ऐकून घेणारी तेवढी एकच उरली होती.

शुक्रवारी तिने नवीनच काढलं. म्हणाली, आपण सरकारला यादी मोठ्याने वाचायला सांगतोय ना, मग आपली आपण आधी वाचू. रविवारी अकरा वाजता, बिल्डिंगच्या चौकात. नाव वाचलं की ज्याची त्याने म्हणायचं, माझी.

त्या दुपारी मनमोहन तीन मजले चढले. गुडघा बोललासुद्धा नाही. सह्या घ्यायच्या दिवशी हेच पाय कुठे गेले होते, हा प्रश्न त्यांना प्रत्येक वळणावर भेटला.

राजाराम गॅलरीत बसले होते. मनमोहनांना बघून चेहरा असा उजळला, की मनमोहनांनी नजर रेलिंगवर वळवली. मनात योजना अशी होती, की मित्राला बाजूला घ्यायचं, सांगायचं, बाबा रे, मस्टरसारखं झालं, रविवारी माझी म्हण आणि मला सोडव. पण राजारामांनी आधी डाव्या हाताने खिडकीकडे खूण केली. तिथे जांभळ्या शाईचा पॅड होता, कोरा, प्लास्टिकही न काढलेला.

"लतिकाने ठाकूरद्वारहून आणलाय, पंधरा दिवस झाले," राजाराम म्हणाले. "तू येशील तेव्हाच फोडायचा म्हटलं. कागद आणलास?"

"कागद ऋग्वेदाकडे आहेत," मनमोहन म्हणाले. यात खोटं काही नव्हतं.

"मग घेऊन ये रे. बाकी काही नको मला. यावेळी माझ्या नावापुढे माझंच काहीतरी पडू दे."

लतिकाने चहा आणला, म्हणाली, मनूकाका, आज काही सांगा ना, बाबा आठवडाभर हसले नाहीत. मनमोहनांनी डबलडेकरची गोष्ट सांगितली. मध्येच कंडक्टरचं नाव विसरले. राजाराम हसले, अगदी मनापासून, आणि मनमोहन अर्धा चहा टाकून उठले.

जिन्यात ऋग्वेदा भेटली. हातात तीच फाईल. ती थांबली, विचारलं, बरं वाटत नाही का? सांगायची हीच वेळ होती. जिन्यात तिसरं कुणी नव्हतं, कागद तिथल्या तिथे फाडता आला असता, वर पॅड तयार होता. मनमोहनांनी तोंड उघडलं आणि त्यातून काय यावं, तर आत्ता गॅलरीतल्या कावळ्याने त्यांना नावाने हाक मारली, ही थाप. ती हसत वर गेली. मनमोहन खाली उतरले. आपल्याला खरं सांगताच येत नाही की काय, अशी शंका त्यांना आयुष्यात प्रथमच आली.

रविवारी चौकात खुर्च्या मांडल्या होत्या. राजारामांना यतीन आणि त्याचा दोस्त हेरंब यांनी खुर्चीसकट खाली आणलं. अंगात तोच इस्त्रीचा शर्ट, मांडीवर शाईचा पॅड. कुणीतरी विचारलं, हा कशाला, तर म्हणाले, "मनू विसरलाय, इथेच लावून टाकतो."

ऋग्वेदा वाचू लागली. तळमजला सुरळीत गेला. पहिल्या मजल्यावर कालिंदीताईंचं नाव आलं. त्यांनी पदराने चष्मा पुसला. "केली असेन बाई," म्हणाल्या, "मनूभाऊ आले होते खरे, शिरा खाऊन गेले." त्याच मजल्यावरच्या कमलने सांगितलं, नवऱ्याने केली असेल. नवरा म्हणाला, हिने. लोक हसले. असली माणसं मनमोहनांना खोट्यातून वाचवत होती आणि प्रत्येक वाचवण्यासरशी ते खुर्चीत आणखी खाली सरकत होते.

मग दुर्गाबाई. त्यांनी कागद मागून घेतला. गळक्या पेनाचा डाग पाहिला. मान वर करून मनमोहनांकडे पाहिलं, इतकं सावकाश, की त्यांना मस्टरची लाल खूण आठवली. नातीकडे कागद परत देत त्या म्हणाल्या, "माझी." त्या आवाजात चीड नव्हती, कीव होती. ऋग्वेदाने आजीकडे पाहिलं, मग कागदाकडे, आणि पुढची नावं जरा हळू वाचू लागली.

"तिसरा मजला. राजाराम विजयकर." ती थांबली. "आजोबा, इथे सही आहे."

सगळ्यांच्या माना राजारामांकडे वळल्या. हा अर्ज कशावरून निघाला ते सगळ्यांना माहीत होतं. लतिका उठून उभी राहिली. मनमोहनही उठले. जीभ नेहमीसारखी पुढे धावली.

"यावर कुणाचा विश्वास बसणार नाही," ते म्हणाले, "पण मी वर गेलो तेव्हा राजा गॅलरीत बसला होता. मी नुसतं पेन पुढे केलं आणि त्याचा उजवा हात उठला. मी या डोळ्यांनी पाहिलं. इतकी वर्षं निपचित पडलेला हात उठला, पेन धरलं, पोट काढलं, रेघ ओढली..."

बोलता बोलता त्यांची नजर राजारामांच्या उजव्या हाताकडे गेली. तो पॅडशेजारी जसा ठेवला होता तसाच होता. वाक्य अर्ध्यावर राहिलं.

राजारामांनी डावा हात पुढे करून कागद मागितला. ऋग्वेदाने नेऊन दिला. त्यांनी तो मनमोहनांसारखाच लांब धरून पाहिला.

"दोन्ही ठिपके बरोबर आहेत," ते म्हणाले. "मनू, ही तुझी सही आहे. चौतीस वर्षं मी तुला करू दिली, तेव्हा मीही काही बोललो नाही. पण त्या दिवशी बूथवर माझ्या नावापुढे जी होती, ती आणि ही, यांच्यात फरक एवढाच की त्या माणसाला माझी सही येत नव्हती."