मगन मिस्त्रीचं टेबल

"शेजारना वनाले बोलाव. जळणले लई जाऊ दे बठ्ठ्या फळ्या," काठीवर रेलून मगन मिस्त्री पुन्हा म्हणाला.

त्याची बायको मंदाबाई पडवीतल्या ठोकळ्यावर सागवानी फळी टाकून रंधा रेटत राहिली.

अर्धांगवायूने उजवा हात गेल्यापासून मगनला खाली बसता येत नव्हतं. तो खाटेवर जेवायचा. ताट मांडीवरून घसरायचं, मग चिडून अर्ध्यावर उठायचा. म्हणून तिने टेबल करायला घेतलं होतं. फळ्या त्यानेच जपून ठेवलेल्या, पण पत्र्याच्या धगीने पार पिळल्या होत्या.

त्याला एका जागी राहवत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी जायचा, रंध्याचा आवाज बदलला की परत यायचा.

"उलटं चालस तू. लाकूड उपटी ऱ्हायनं."

लाकडाच्या रेषांच्या दिशेने रंधा चालेल अशी ती फळी फिरवून घ्यायची. उंच भागावर पेन्सिलीने रेघोट्या मारायची आणि त्या जाईपर्यंत तासायची. दुपारी दोन्ही फळ्या डुगडुगायच्या थांबल्या. मग मध्ये फट राहते का ते बघायला तिने त्यांच्या कडा एकमेकींवर ठेवून आभाळाकडे धरल्या.

"अजून उजेड दिसस," तो म्हणाला.

तिने पुन्हा तासलं. पुन्हा धरलं.

"दिसस."

तिने रंधा खाली ठेवला. "मी तुम्हना हात नही शे. जमत व्हई तर करा."

त्याने काठी भिंतीला टेकवली आणि डाव्या हाताने रंधा उचलला. पहिल्याच रेट्याला तो तिरका सरकून अडकला. कडेची ढलपी उडाली. शिसपेन्सिलीएवढी खोच पडली. तो तिच्याकडे न बघता बाहेर गेला.

खोच नाहीशी होईपर्यंत मंदाबाईने ती कड उतरवली. फळी बोटभर अरुंद झाली. पण आता दोन कडांमधून उजेड येत नव्हता. फेविकॉल लावून तिने दोन्ही फळ्या जोडल्या आणि त्या घट्ट धरायला शिकंजे आवळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिकंजे सोडून, वाळलेला फेविकॉल खरवडून तिने त्याला बोलावलं. त्याने सांध्यावर डावा तळवा फिरवला. थांबला. पुन्हा फिरवला.

"डावा हातले लाकूड समजत नही," तो हळूच म्हणाला. "तू सांग."

तिने बोट सांध्यावरून आडवं नेलं.

"लागत नही काही."

"परत फिरव."

तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश बोट फिरवलं. तो तिच्या बोटाकडे बघत उभा होता.

"नही लागत," ती म्हणाली.

मगनने मान हलवली आणि फळीवरचा भुसा फुंकून टाकला.